लाल कुणाचा खरा?

वाचकाचं पत्र:

माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि मग घरी बसून रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या भरतीचा अभ्यास केला. परीक्षेचे सगळे टप्पे पार पडले, कागदपत्रांची पडताळणीही झाली. वैद्यकीय तपासणीत मात्र रंगीत ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे त्याला वाचता आले नाहीत. लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा आहे, जन्मापासूनचा, असं डॉक्टर म्हणाले. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. आता आठवतं, लहानपणी रातांबे काढायला पाठवला की हा हिरवे आणि पिकलेले एकत्र घेऊन यायचा आणि मी ओरडायचे.

आता तो काहीच करत नाही. फोनवर व्हिडिओ बघतो आणि आम्हाला ऐकवतो, "खरं असं जगात काही नसतंच. ज्याला जसं दिसतं ते त्याचं खरं. तुम्ही संख्येने जास्त, म्हणून तुमचा लाल तो खरा लाल आणि माझा तो आजार." गावातल्या एकाने सांगितलंय की ती चित्रं पाठ करून घेणारे लोक आहेत, पुढच्या भरतीत काम होईल. मुलगा म्हणतो, सगळं मनाचंच असेल तर पाठ करण्यात खोटं काय? मला हे पटत नाही, पण उत्तर देता येत नाही. मी बारावीपर्यंत शिकले आहे. सासूबाई म्हणतात, हे तुझ्या माहेरचं आलं. माझे वडील कुठली शाई लाल आणि कुठली हिरवी हे आईला विचारायचे, हे खरं आहे. धाकटी मुलगी दहावीत आहे, तिला असा काही त्रास आहे असं वाटत नाही. मुलाला मी काय सांगू?

— एक आई, कणकवली तालुका

ताई,

तुमच्या मुलाने जे विचारलंय त्याच्यावर मोठमोठ्या माणसांनी आयुष्यं घालवली आहेत. तेव्हा शिक्षण कमी पडलं म्हणून उत्तर सुचत नाही, असं मनात आणू नका. प्रश्नच अवघड आहे. आणि "मला हे पटत नाही" असं जे तुम्हाला वाटतंय, ते बरोबर वाटतंय.

त्याचं जेवढं खरं आहे तेवढं आधी मोकळेपणाने मान्य करून टाका. रातांब्याचा लाल रंग नुसता सालीत बसलेला नसतो. सालीवरून उजेड परततो, डोळ्यात शिरतो, आतल्या पडद्यावरच्या शंकूपेशी त्याची दखल घेतात आणि मेंदू त्यातून लाल रंग घडवतो. बहुतेकांच्या डोळ्यात या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. तुमच्या मुलाच्या डोळ्यात त्यातला एक प्रकार नसेल, किंवा असूनही दुसऱ्या प्रकाराच्या इतका जवळचा असेल की दोघांच्या निरोपांत फारसा फरक उरत नसेल. त्यामुळे हिरव्या पानांतलं लाल फळ त्याला उठून दिसत नाही. माणूस जग बघतो ते आपल्या इंद्रियांच्या घडणीतूनच, हे त्याचं म्हणणं खरं आहे. त्यातून कुणाचीच सुटका नाही, माझीही नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांचीही नाही.

पण इथून तो एकदम उडी मारतो: म्हणून खरं असं काही नाहीच. त्या उडीपाशी त्याला थांबवा आणि एवढंच विचारा, "तुझे डोळे वेगळे आहेत हे कळलं कसं?"

त्याला स्वतःहून ते कधीच जाणवलं नव्हतं. बावीस वर्षं तो त्याच डोळ्यांनी जगला आणि त्यात त्याला काही कमी वाटलं नाही, वाटण्याचं कारणही नव्हतं. ज्याचं त्याचं दिसणं एवढंच जगात असतं, तर हा फरक कुणाला सापडलाच नसता. तो सापडला कारण एकच चित्र दोघांसमोर ठेवता येतं, दोघांची उत्तरं जुळतात का ते बघता येतं, आणि न जुळण्याचं कारण शोधता येतं. "माझ्या डोळ्यात हा फरक आहे" हे वाक्य तो आज खरं मानतो. कुणाच्या दृष्टीने खरं? त्याच्या, तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच. तो आठ वर्षांचा असताना, घरात कुणाच्या ध्यानीमनी नसताना, तेव्हाही ते खरंच होतं. आपली नजर आपल्या घडणीने बांधलेली आहे, हे ज्ञानसुद्धा त्याच नजरेने, पण तिची पडताळणी करत करत मिळवलेलं आहे. त्याच्या तक्रारीत त्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

जॉन डाल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाची हकिगत त्याला सांगा. अणुसिद्धान्तामुळे त्याने शाळेत हे नाव वाचलं असेल. या डाल्टनलाही तुमच्या मुलासारखंच दिसायचं. तरुणपणी जिरेनियमचं एक गुलाबी फूल त्याला दिवसाउजेडी आकाशी दिसलं आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात ते चक्क लालसर झालं. त्याने इतरांना विचारलं. एवढा फरक कुणालाच दिसेना, फक्त त्याच्या भावाला दिसला. तुमचा मुलगा आज जिथे उभा आहे, तिथेच हा माणूस उभा होता. "माझं मला, तुमचं तुम्हाला" म्हणून त्याला गप्प बसता आलं असतं. त्याने आपल्याला काय काय कसं दिसतं याचा बारकाईने तपशील लिहून काढला आणि १७९४ साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे वाचला. स्वतःच्या रंगांधळेपणाचा असा शास्त्रीय अभ्यास त्याच्याआधी फारसा कुणी केला नव्हता. पुढे कित्येक वर्षं या व्यंगाला लोक त्याच्याच नावाने ओळखत होते.

मला यातला पुढचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असणार, तो लाल उजेड शोषून घेत असणार, असा डाल्टनचा तर्क होता. जिवंतपणी तो तपासण्याचा मार्ग नव्हता, म्हणून मेल्यावर आपले डोळे उघडून बघा असं त्याने सांगून ठेवलं. १८४४ साली तो गेला. त्याच्या डॉक्टरांनी एका डोळ्यातला द्रव काचेच्या बशीत ओतला. तो स्वच्छ निघाला, निळेपणाचा मागमूस नाही. दुसऱ्या डोळ्याचा मागचा भाग काढून त्यातून लाल-हिरव्या वस्तू बघितल्या, रंग बदलले नाहीत. डाल्टनचा तर्क चुकीचा ठरला. मात्र ते अवशेष जपून ठेवले गेले होते, आणि १९९५ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी, त्यातून जनुकीय द्रव्य मिळवून तपासलं तेव्हा हिरव्याला प्रतिसाद देणाऱ्या शंकूपेशींसाठी लागणारं जनुक त्याच्याकडे नव्हतं असं दिसलं. ज्याचं दिसणं त्यालाच त्याचं कारण कळलं नव्हतं, आणि त्याच्या डोळ्यांनी कधीच न बघितलेल्या लोकांना ते कळलं. पण त्या लोकांना ते कळलं याला आधार डाल्टनचीच टिपणं आणि त्याने मागे ठेवलेले डोळे. आपल्या अनुभवाबद्दल तो प्रामाणिक होता आणि आपलं स्पष्टीकरण तपासलं जावं अशी त्याची मनापासून इच्छा होती. सत्यापर्यंत जायला माणसापाशी एवढं असावं लागतं, बिनचूक डोळे असावे लागत नाहीत.

आता त्याचं दुसरं म्हणणं: तुम्ही संख्येने जास्त म्हणून तुमचं खरं. हे त्याला सगळ्यात जास्त लागलंय असं मला वाटतं, आणि तो इथे चिडलाय ते समजण्यासारखं आहे. पण सत्य बहुमताने ठरत नाही, याचा पुरावा ज्या चित्रांनी त्याची नोकरी गेली त्या चित्रांतच आहे. तोक्योच्या शिनोबू इशिहारा या डॉक्टरांनी १९१७ साली ती प्रसिद्ध केली. त्या संचात काही पानं अशी आहेत की ज्यांवरचा आकडा लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्या बऱ्याच लोकांना वाचता येतो आणि तुमच्या-माझ्यासारख्यांना तिथे नुसते ठिपके दिसतात. आपल्याला रंगांचा गोंधळ दिसतो म्हणून त्याआडचा आकडा हरवतो. आकडा तिथे छापलेला आहे. आपण सगळे मिळून "काही नाही" म्हणालो तरी तो आहे.

घरी करून बघता येईल असा एक प्रयोग सांगते. फोनच्या पडद्यावर भडक पिवळं चित्र लावा आणि बोटाने पाण्याचा अगदी बारीक थेंब त्यावर ठेवा. थेंब भिंगासारखं काम करतो. आत लाल आणि हिरवे बारीक ठिपके दिसतील, पिवळा एकही नाही. फोन पिवळा उजेड सोडतच नाही, लाल आणि हिरवा शेजारी शेजारी ठेवतो आणि आपले तीन शंकूंचे, म्हणे निर्दोष डोळे त्याला पिवळं म्हणून स्वीकारतात. खरा पिवळा उजेड आणि ही भेसळ यांतला फरक आपल्याला जन्मात ओळखता येत नाही. इथे तुम्ही आणि तुमचा मुलगा एकाच बाकावर आहात.

डोळ्यांच्या पलीकडचंही माणसाला सापडलंय. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पसरवले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून बघितला. लाल रंगाच्या पलीकडे, जिथे कुणालाही काहीही दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. आज ज्याला अवरक्त किरण म्हणतात ते असे सापडले. तिथे बहुमत तर सोडाच, एकही माणूस बघणारा नव्हता. तुमच्या घरातल्या टीव्हीचा रिमोट बहुधा याच किरणांवर चालत असेल.

तुमच्याच भागातलं एक उदाहरण द्यायचा मोह होतोय. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा उजेड रंगारंगांत पसरवून बघितला तेव्हा त्यात एक पिवळी रेषा दिसली. पिवळी म्हणजे सोडियमची असणार, असं आधी वाटलं, कारण मिठातल्या सोडियमचा उजेडही पिवळाच. वर्णपटमापकाने, म्हणजे उजेडातले रंग सुटे करून मोजणाऱ्या उपकरणाने, नीट मोजल्यावर ती सोडियमच्या जोडरेषेच्या जरा बाजूला निघाली. नुसत्या डोळ्यांना दोन्ही पिवळ्याच. तो नवा वायू म्हणजे हेलियम, आणि पृथ्वीवर तो हातात यायला १८९५ साल उजाडलं. हा शोध विजयदुर्गाच्या किल्ल्यावर लागला असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात. पण त्या ग्रहणाची महत्त्वाची निरीक्षणं जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून केली होती. या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी ऑक्टोबरमध्ये तिथूनच ती रेषा पाहिली. लॉकियर विजयदुर्गला आले ते जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ती भेटही अभिमान वाटावा अशीच आहे, म्हणून ती आहे तशी सांगावी. किल्ल्यावर फिरायला गेलात तर मुलाला हेही सांगा. गोष्ट सगळ्यांच्या तोंडी आहे म्हणून खरी होत नाही, आणि तारखा बघितल्या तर आपल्या लाडक्या गोष्टीतली चूकही आपल्याला सापडते.

एक गोष्ट मात्र मी त्याला कबूल करेन. लाल बघताना तुम्हाला आतून जे वाटतं तसंच त्याला वाटतं का, हे कुणीही सांगू शकणार नाही. तुम्हाला आणि मला तरी सारखंच वाटतं का, हेही नाही. पण ती बंद खोली आपण समजतो त्यापेक्षा लहान आहे. १८८१ साली लॉर्ड रॅली या इंग्रज शास्त्रज्ञांनी लोकांना लाल आणि हिरवा उजेड मिसळून ठरावीक पिवळ्याशी जुळवायला सांगितलं. बहुतेकांचं मिश्रण जवळपास सारखं आलं, काहींचं अगदी वेगळं, पण ज्याचं त्याचं प्रत्येक वेळी तेच. याच तत्त्वावर ॲनोमॅलोस्कोप हे यंत्र बनलं. एका बाजूला पिवळा, दुसऱ्या बाजूला लाल-हिरव्याचं मिश्रण; चकती फिरवत दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की थांबायचं. कुठे थांबलात तो आकडा लिहिला जातो. "मला कसं दिसतं" ही माणसाची अगदी खासगी गोष्ट, तीसुद्धा कागदावर येते आणि दुसऱ्या गावातला डॉक्टर ती तपासू शकतो.

म्हणून त्याच्या प्रश्नाला माझं उत्तर होय असं आहे. माणसाला आपल्या अपुऱ्या इंद्रियांतूनही जगाबद्दल खरं कळू शकतं, फक्त एकट्याला आणि एका नजरेत कळत नाही.

आता चित्रं पाठ करण्याबद्दल. इथे मी मऊ शब्द वापरणार नाही. हे करू देऊ नका. १८७५ साली स्वीडनमध्ये लागेरलुंडा इथे दोन गाड्यांची टक्कर झाली, आणि होल्मग्रेन नावाच्या प्राध्यापकांना संशय आला की सिग्नलचा रंग ओळखण्यात चूक झाली असावी. अपघाताचं कारण नक्की तेच होतं का, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण त्यांनी रंगीत लोकरीच्या लड्या निवडायला देऊन रेल्वेची माणसं तपासली तेव्हा लाल-हिरव्यात गल्लत करणारी माणसं कामावर सापडली, आणि त्यांना स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता. त्यातून या तपासण्या सुरू झाल्या. पाठ केलेलं उत्तर तपासणाऱ्याला फसवेल, पण पावसाळी रात्री दरडीच्या अलीकडे लागलेला दिवा त्याने बदलणार नाही. तो लाल असेल तर मागच्या डब्यांतल्या झोपलेल्या माणसांसाठी तो लालच असेल, चालवणाऱ्याला कसाही दिसो. ज्याला सगळं मनाचंच वाटतं त्यानेही या दिव्यासमोर उभं राहून ते म्हणून बघावं. मुलाच्या मनात हे येणार नाही असं नाही. तो दुखावलाय म्हणून तिकडे बघत नाहीये.

आणि दुखावलाय हेच खरं कारण आहे, ताई. हे सगळं तत्त्वज्ञान नोकरी गेल्यावर सुरू झालं. एवढी मेहनत केली आणि ज्या गोष्टीत त्याचा काडीचाही दोष नाही तिच्यापायी सगळं हातचं गेलं. म्हणून त्याच्याशी वाद घालायच्या आधी त्याला हे म्हणा की तुझं नुकसान झालंय आणि ते मोठं आहे. रातांब्यांवरून ओरडायचात तेही बोलून टाका. तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत आहे, आणि ते त्याला तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं तर मोकळं वाटेल. वर लिहिलेलं त्यानंतर, हळूहळू, जमेल तसं सांगा. हे पत्र त्याच्या हातात दिलंत तरी चालेल.

मग नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि प्रकार व प्रमाण नीट तपासून घ्या. ठिपक्यांची चित्रं ही चाळणी आहे, किती आहे हे तिच्यावरून पुरेसं कळत नाही. ऑनलाइन मिळणारे रंगीत काचांचे चष्मे घेऊन पैसे घालवू नका, ते काही रंगांतला फरक ठळक करतात पण नसलेल्या पेशी आणून देत नाहीत. भरतीच्या जाहिरातीत प्रत्येक पदापुढे वैद्यकीय श्रेणी दिलेली असते, आणि रेल्वेतही रंगओळखीची अट नसलेली पदं असतात. ती आता अभ्यास सुरू करण्याच्या आधी बघायची. वाहन परवान्याबद्दल कुणी घाबरवलं तर सांगा की केंद्र सरकारने २०२० साली नियम बदलले, सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना परवाना मिळू शकतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने रंगांध विद्यार्थ्यांना काही अभ्यासक्रमांची दारं बंद ठेवली होती, ती २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने उघडायला लावली. काही दारं सुरक्षिततेसाठी बंद असतात आणि काही नुसत्या सवयीने. दोन्हींतला फरक त्याला कळला तर भांडायचं कुठे आणि वाट बदलायची कुठे हे त्याचं तो ठरवेल.

राहिलं सासूबाईंचं बोलणं. माहेरहून आलं हे खरं आहे. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. वडिलांकडून ते मुलीकडे येतं, तिला सहसा त्रास होत नाही कारण तिच्याकडे दुसरं एक्स असतं, आणि तिच्या प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना हा फरक असतो आणि बायकांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास, ते यामुळेच. तुमच्या वडिलांच्या शाईची गोष्ट याच्याशी जुळते. पण कुठून आलं ही एक गोष्ट झाली आणि दोष कुणाचा ही दुसरी. पहिलीचं उत्तर तपासून मिळतं. दुसरीला उत्तरच नाही, कारण इथे कुणी काही केलेलंच नाही. सासूबाई पुन्हा बोलल्या तर पहिलं शांतपणे मान्य करा आणि दुसरं अजिबात मान्य करू नका.

धाकट्या मुलीलाही तुमच्याकडून ते जनुक मिळालं असण्याची शक्यता निम्मी आहे. तिला आत्ताच हे सगळं समजावून सांगा, आजोबांच्या शाईसकट. पुढे तिला मुलगा झाला तर शाळेत घालण्याआधी ती त्याचे डोळे तपासून घेईल. आणि चित्रं पाठ करून घेणाऱ्या त्या माणसाला नाही म्हणायचं काम मुलावर टाकू नका, ते तुम्ही आणि त्याचे वडील मिळून या आठवड्यातच करून टाका.